प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष कथन : चंद्रपूर-गडचिरोलीच्या भाषिक परिसरातून एक विचार

इंग्रजी व्याकरणाच्या शालेय अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथनात रूपांतर करण्याच्या प्रकरणाला मोठे स्थान आहे. नेसफील्ड ह्यांच्या व्याकरणापासून रेन आणि मार्टिन ह्यांच्या पुस्तकापर्यंत हे प्रकरण बहुधा एकाच पद्धतीने मांडले गेले आहे. अवतरणचिन्हे काढावीत, ‘दॅट’ हे अव्यय घालावे, सर्वनामाचा पुरुष बदलावा, क्रियापदाचा काळ एक पायरी मागे न्यावा, आणि ‘टुमॉरो’च्या जागी ‘द नेक्स्ट डे’, ‘हिअर’च्या जागी ‘देअर’ अशी स्थलकालवाचक शब्दांची अदलाबदल करावी, असे हे नियम आहेत. विद्यार्थी कोष्टक पाठ करतो, परीक्षेत गुण मिळवतो, आणि पुढे इंग्रजीत स्वतंत्र लेखन करण्याची वेळ आली की ‘राम सेड दॅट आय विल कम टुमॉरो’ असे लिहून मोकळा होतो. येथे ‘आय’ म्हणजे राम, हे त्याच्या मनात स्पष्ट असते. इंग्रजी वाचकाला मात्र येणारा मनुष्य हा लिहिणाराच आहे असे वाटते.

ह्या चुकीचे मूळ निष्काळजीपणात शोधण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन निराळे आहे. चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांतील विद्यार्थ्याच्या तोंडी ज्या भाषा असतात, त्यांत दुसऱ्याचे बोलणे सांगण्याची एक सुसंगत व्यवस्था आहे. ती इंग्रजीच्या व्यवस्थेहून भिन्न आहे, आणि विद्यार्थ्याची तथाकथित चूक ही त्या व्यवस्थेचीच छाया होय. प्रश्न केवळ उत्तरपत्रिकेपुरता असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु साक्षीदाराची जबानी, वनहक्काच्या दाव्यातील वृद्धांचे निवेदन आणि अशा कागदांचे इंग्रजी भाषांतर ह्यांतही हेच रूपांतर घडत असते; तेथे सर्वनामाचा पुरुष चुकला तर गुण जात नाहीत, माणसाचा हक्क जाऊ शकतो.

१

प्रथम इंग्रजीची रीत पाहू. कोणत्याही पुनःकथनात दोन प्रसंग असतात. एक मूळ बोलण्याचा, दुसरा ते बोलणे इतरांना सांगण्याचा. ‘मी’, ‘तू’, ‘आज’, ‘उद्या’, ‘येथे’ ह्या शब्दांना स्वतःचा स्थिर अर्थ नाही. बोलणारा कोण, कोठे व केव्हा बोलतो ह्यावर त्यांचा अर्थ ठरतो. ज्या बिंदूपासून हे शब्द मोजावयाचे, त्यास सोयीसाठी कथनकेंद्र म्हणावे. इंग्रजी अप्रत्यक्ष कथनाचे तत्त्व असे की, सर्व वाक्य सांगणाऱ्याच्या केंद्रापासून मोजले जाते. मूळ वक्त्याचा ‘आय’ हा सांगणाऱ्याच्या दृष्टीने ‘ही’ होतो. त्याचा ‘उद्या’ हा ‘दुसरा दिवस’ होतो. त्याचे वर्तमान हे सांगणाऱ्याच्या दृष्टीने भूत असल्यामुळे क्रियापदही भूतकाळाकडे सरकते. ऑटो येस्पर्सन ह्यांनी १९२४ साली ‘द फिलॉसफी ऑफ ग्रामर’ ह्या ग्रंथात काळाच्या ह्या सरकण्याचा विचार ‘बॅक-शिफ्टिंग’ ह्या नावाने केला आहे.

शालेय नियमांतील अपवादही ह्याच तत्त्वातून निघतात. ‘पृथ्वी गोल आहे’ असे गुरुजींनी सांगितले, तर इंग्रजीत ‘इज’ तसाच राहू शकतो. कारण ती गोष्ट सांगणाऱ्याच्या काळीही खरी असून तिचे दायित्व तो स्वतः पत्करतो. म्हणजे काळ मागे नेणे ही यांत्रिक क्रिया नसून, सांगणारा त्या विधानापासून किती अंतरावर उभा आहे ह्याचीही ती खूण आहे. रशियन व जपानी ह्या भाषांत असे सरकणे नाही; तेथे मूळ वक्त्याचा काळ तसाच ठेवला जातो. तेव्हा काळाचा हा नियम भाषामात्राचा नियम नसून काही भाषांचा विशेष आहे, हे विद्यार्थ्याला प्रारंभीच सांगणे युक्त ठरेल.

इंग्रजीच्या ह्या रीतीत एक लाभ आहे आणि एक हानी आहे. लाभ असा की, अप्रत्यक्ष वाक्यातील ‘आय’ हा नेहमी सांगणाराच असतो. त्याविषयी संशय राहात नाही. हानी अशी की, मूळ काळ हरवतो. ‘ही सेड दॅट ही हॅड गॉन’ ह्या वाक्यावरून मूळ वक्ता ‘मी गेलो’ म्हणाला, ‘मी गेलो आहे’ म्हणाला, की ‘मी गेलो होतो’ म्हणाला, हे सांगता येत नाही. तिन्ही वाक्यांचे रूपांतर एकच होते. कोष्टकावरून उलट दिशेने चालत गेले तर मूळ वाक्य निश्चितपणे हाती लागत नाही.

२

आता मराठीकडे वळू. मराठीत दुसऱ्याचे बोलणे सांगण्याच्या दोन प्रमुख रचना आहेत. एकीत ‘की’ येतो : ‘राम म्हणाला की मी उद्या येईन.’ दुसरीत उक्ती आधी येते आणि तिच्यामागून ‘असे’ किंवा ‘म्हणून’ येते : ‘मी उद्या येईन असे राम म्हणाला’, ‘मी उद्या येईन म्हणून रामाने सांगितले.’ आपले व्याकरणकार ‘की’, ‘म्हणून’, ‘जे’ इत्यादींस स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यये म्हणतात. त्यांपैकी ‘की’ हा फारसीतून आला असे मानले जाते; ‘म्हणून’ हे तर ‘म्हणणे’ ह्या धातूचेच पूर्वकालवाचक रूप आहे. ‘येईन म्हणून सांगितले’ ह्याचा अक्षरार्थ ‘येईन असे म्हणून सांगितले’ एवढाच आहे.

ह्या दोन्ही रचनांत मूळ वक्त्याचे कथनकेंद्र टिकून राहू शकते. काळ बदलत नाही, क्रियापदाचा पुरुषही बदलत नाही. ‘तो येतो म्हणून गेला’ हे नित्याचे वाक्य घ्यावे. निरोप घेताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. ते त्याचे ‘येतो’ जसेच्या तसे वाक्यात बसले आहे आणि त्याच्या शेजारी सांगणाऱ्याच्या केंद्रावरून मोजलेले ‘गेला’ आहे. एकाच वाक्यात दोन केंद्रे सुखाने नांदतात. प्रमाण मराठीत तर बोलणाऱ्या व्यक्तीचे लिंगही जपले जाते. पुरुषाने सांगितले तरी ‘मी येते असे ती म्हणाली’ असेच वाक्य होते, आणि ‘येते’ ह्या रूपावरून तो ‘मी’ कोणाचा हे कळते.

मराठीतही ‘तो येईल असे राम म्हणाला’ अशी रचना होते. परंतु तेथे ‘तो’ म्हणजे बहुधा रामाहून निराळा कोणी, अशी समजूत होते. रामच अभिप्रेत असेल तर लेखी मराठी ‘आपण’चा आश्रय करते : ‘आपण उद्या येऊ असे राम म्हणाला.’ वृत्तपत्रांतील सभांचे वृत्तांत ह्या ‘आपण’ने भरलेले असतात. हा ‘आपण’ म्हणजे मूळ वक्ता स्वतः. तो ‘मी’ आणि ‘तो’ ह्यांच्या मधली जागा भरून काढतो.

परंतु ह्या सर्वनामावर इतरही भार आहेत. ‘आपण’ म्हणजे बोलणारा व ऐकणारा मिळून होणारे ‘आपण सर्व’. आणि ‘आपण’ म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’. म्हणून ‘आपण रात्री नदीपलीकडे जाऊ असे राम म्हणाला’ ह्या वाक्याचे दोन अर्थ होतात. राम स्वतः जाणार होता, हा एक. रामाने ऐकणाऱ्यालाही सोबत चलण्यास सुचविले, हा दुसरा. ‘जाऊ’च्या जागी ‘जाणार’ घातले तर आदरार्थाची तिसरी शक्यता उभी राहते. इंग्रजीत ‘ही’ आणि ‘वी’ ह्यांत गल्लत होत नाही. इंग्रजी मूळ काळ गमावते पण व्यक्ती निश्चित करते. मराठी मूळ काळ राखते पण व्यक्ती संदिग्ध ठेवते. दोहोंचे लाभ आणि दोहोंच्या हानी अशा परस्परविरुद्ध ठिकाणी आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

३

चंद्रपूर-गडचिरोलीचा विद्यार्थी केवळ प्रमाण मराठीच्या वातावरणात वाढलेला नसतो. घरी झाडीबोली असते, जीत ‘ण’ नसल्यामुळे ‘म्हणून’चे ‘म्हनून’ होते. धानोरा-कुरखेड्याकडे गोंडी, एटापल्ली-भामरागडकडे माडिया, प्राणहिता व गोदावरी ह्यांच्या काठी सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेऱ्याच्या परिसरातील वसाहतींत बंगाली अशी भाषांची गर्दी आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु भाषांच्या सीमा अशा रेषांना जुमानत नाहीत.

ह्या भाषांत प्रस्तुत विषयापुरते विलक्षण साम्य आहे. तेलुगूत ‘अनु’ म्हणजे म्हणणे. त्याचे ‘अनि’ हे रूप उक्तीच्या शेवटी येते. ‘नेनु वस्तानु अनि रामुडु अन्नाडु’, म्हणजे ‘मी येतो म्हणून राम म्हणाला’. गोंडीत ‘इंदाना’ म्हणजे म्हणणे. त्याचे ‘इंजी’ हे पूर्वकालवाचक रूप तेच कार्य करते. बंगालीतही ‘बोले’ हे म्हणणे ह्या अर्थाच्या धातूचेच रूप उक्तीमागून येते. दक्षिणेकडील दखनी बोलीतला ‘बोलके’ ह्याच कुळातला. एवढेच नव्हे, तर ह्या रूपांचे इतर उपयोगही जुळतात. मराठीत ‘राम म्हणून एक मुलगा’ असे नाव सांगण्यासाठी, तसेच ‘पाऊस आला म्हणून थांबलो’ असे कारण सांगण्यासाठी ‘म्हणून’ येते. तेलुगूतील ‘अनि’ही नाव व कारण ह्या दोन्ही अर्थांनी येतो.

संस्कृतातील ‘इति’ ह्या अव्ययाचे कार्य असेच आहे. उक्ती जशी असेल तशी ठेवून तिच्यामागे ‘इति’ लावला की काम भागते; काळ वा पुरुष बदलावा लागत नाही. मरे एमेनो ह्यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, म्हणजे भिन्न कुळांतील भाषांनी दीर्घ सहवासामुळे समान लक्षणे धारण केली आहेत, असा विचार मांडला. पुढे १९६७ साली एफ. बी. जे. कायपर ह्यांनी मूर्धन्य वर्ण व पूर्वकालवाचक धातुसाधिते ह्यांच्या जोडीने ‘इति’चा प्रयोगही अशा सहवासाचे गमक म्हणून चर्चेस घेतला. ह्या साम्यात कोणी कोणापासून किती घेतले ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु साम्य आहे ह्याविषयी नाही. सांगली जिल्ह्यातील कुपवाड ह्या गावी मराठी, कन्नड व उर्दू ह्या भाषांच्या वाक्यरचना एकमेकींच्या किती जवळ आल्या आहेत, हे गंपर्झ व विल्सन ह्यांनी १९७१ साली दाखविले. गडचिरोलीचा भाषिक परिसरही अशा अभ्यासाला पात्र आहे.

तेलुगूतील आणखी एक रचना येथे विशेष महत्त्वाची आहे. ‘तनु वस्तानु अनि रामुडु अन्नाडु’ ह्या वाक्यात ‘तनु’ हे स्ववाचक सर्वनाम तृतीय पुरुषी आहे. त्याचे क्रियापद ‘वस्तानु’ मात्र प्रथम पुरुषी एकवचनी आहे. सर्वनाम सांगणाऱ्याच्या केंद्रावरून आणि क्रियापद मूळ वक्त्याच्या केंद्रावरून मोजले गेले आहे. ‘तनु’ म्हणजे रामच, ह्याविषयी तेलुगू भाषकाला शंका येत नाही. ‘आपण सर्व’ ह्या अर्थासाठी तेलुगूत ‘मनमु’ हा निराळा शब्द आहे आणि त्याचे क्रियापदही निराळे होते.

४

एवढी पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे विद्यार्थ्याच्या वाक्यांचा उलगडा होतो. ‘दॅट’ म्हणजे ‘की’ असे त्याला शिकविलेले असते. ‘की’नंतर मूळ उक्ती जशीच्या तशी येते, हे त्याला न शिकविताच येते. म्हणून ‘दॅट’नंतर तो ‘आय विल कम’ लिहितो. ‘त्याने मला विचारले की तू कुठे चाललास’ ह्याचे तो ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग’ असे करतो. येथे ‘दॅट’चा अधिक वापर, प्रश्नाचा शब्दक्रम, ‘यू’ आणि वर्तमानकाळ अशा चार चुका वेगवेगळ्या मोजल्या जातात. वस्तुतः त्या चारही एकाच कारणाची फळे आहेत. मूळ वक्त्याचे केंद्र त्याने ढळू दिले नाही, एवढेच.

५

ह्या भेदाचे व्यावहारिक परिणाम वर्गाबाहेर अधिक गंभीर होतात. महाराष्ट्रातील जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. चंद्रपूर-गडचिरोलीची अपिले मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जातात आणि तेथील कामकाजाची भाषा इंग्रजी आहे. साक्षीदार न्यायालयाच्या भाषेहून वेगळ्या भाषेत बोलत असेल, तर शक्य असल्यास त्याच भाषेत साक्ष नोंदवावी, अन्यथा न्यायालयाच्या भाषेत तिचे यथार्थ भाषांतर करावे, अशी तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. साक्ष सामान्यतः निवेदनरूपाने लिहिली जाते. म्हणजे प्रश्नोत्तरांचे रूपांतर अखंड कथनात होते.

आता समजा, सिरोंच्याकडील एका साक्षीदाराने तेलुगूत सांगितले की रामुडु ‘तनु’ रात्री नदीपलीकडे जाणार असे म्हणाला. दुभाषी त्याचे मराठी करतो : ‘आपण रात्री नदीपलीकडे जाऊ असे राम म्हणाला.’ हे मराठी निर्दोष आहे. परंतु हा कागद नागपूरला पोचतो तेव्हा इंग्रजी भाषांतरकारापुढे दोन वाटा असतात. ‘ही वुड गो’ असे त्याने लिहिले तर जाणारा एकटा राम. ‘वी वुड गो’ असे लिहिले तर साक्षीदारही त्या बेतात सामील. मूळ तेलुगूत ही संदिग्धता नव्हती, अंतिम इंग्रजीतही ती उरत नाही. मधल्या मराठी टप्प्यावर ती निर्माण झाली आणि भाषांतरकाराच्या निवडीने नाहीशी झाली. म्हणून पुढच्या वाचकाला तिचा सुगावाही लागत नाही. कोणी खोटे बोलले नाही, कोणी भाषांतर बिघडविले नाही. तरी माणूस साक्षीदाराचा सहभागी झाला.

दुसरे उदाहरण ‘म्हणे’चे. ताडोब्याच्या परिसरातील मनुष्य ‘वाघ नाल्याकडून आला म्हणे’ असे सांगतो तेव्हा ‘म्हणे’ ह्या एका शब्दाने तो स्पष्ट करतो की ही गोष्ट त्याने पाहिलेली नाही, ऐकलेली आहे. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा, ऐकीव नसावा, हे १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाचे तत्त्व असून २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. अशा प्रसंगी लेखनिकाने बोलीतला निरर्थक शब्द समजून ‘म्हणे’ गाळला, तर ऐकीव वार्ता देणारा मनुष्य कागदावर प्रत्यक्षदर्शी होतो. पुढे उलटतपासणीत ‘मी पाहिले नाही’ असे तो प्रामाणिकपणे म्हणाला, की जबानी फिरविल्याचा ठपका त्याच्यावर येतो.

तिसरे उदाहरण वनहक्कांचे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत दावेदारांखेरीज अन्य वृद्धांचे लेखनिविष्ट निवेदन हा पुराव्याचा एक प्रकार मानला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील लेखा-मेंढा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि त्यानंतर ह्या जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी असे दावे केले. वृद्ध मनुष्य सांगतो : ‘माझा आजा सांगे, ह्याच रानात मी मोह वेचला म्हनून.’ ह्यातील पहिला ‘माझा’ वृद्धाचा, दुसरा ‘मी’ आजाचा. लेखनिकाने ‘ह्याच रानात मी मोह वेचला’ एवढेच टिपले तर दोन पिढ्यांपूर्वीच्या वहिवाटीचा पुरावा एका पिढीवर येतो. ह्या कायद्यात इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा वास दाखवावा लागतो. त्यांच्या बाबतीत हा एक ‘म्हनून’ गाळणे म्हणजे दाव्याचा आधारच काढून घेणे होय.

६

ह्यातून अध्यापनासाठी काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, कोष्टकाच्या आधी कथनकेंद्राची कल्पना द्यावी. मूळ उक्ती कोण, कोणाला, कोठे, केव्हा बोलला. आणि ती आता कोण, कोणाला, कोठे, केव्हा सांगतो, हे आठ प्रश्न विद्यार्थ्याने प्रथम सोडवावेत. ते सुटले की सर्वनामे व स्थलकालवाचक शब्द आपोआप ठरतात. पाठांतर उरते ते केवळ काळाच्या रूपांचे.

दुसरा असा की, मराठीतील ‘आपण’चा उपयोग पुलासारखा करावा. ‘मी येईन असे राम म्हणाला’ ह्याचे आधी ‘आपण येऊ असे राम म्हणाला’ करून घ्यावे, मग इंग्रजीत ‘ही’ आणावा. ह्यामुळे परकी वाटणारी क्रिया अर्धी आपल्याच भाषेत घडते. ज्यांची घरची भाषा तेलुगू आहे त्यांना ‘तनु’ची आठवण द्यावी. घरच्या भाषेत इंग्रजीच्या नियमाचा एक धागा आधीच आहे हे कळले, म्हणजे तिच्याविषयीचा संकोचही कमी होतो.

तिसरा निष्कर्ष दुभाषी, लेखनिक व भाषांतरकार घडविणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी आहे. रूपांतर ही दोन्ही दिशांनी पूर्ववत् होणारी क्रिया नाही. जेथे माणसाचे हित गुंतले आहे तेथे उक्ती शक्यतो मूळ भाषेत, अवतरणचिन्हांत आणि ‘मी’ कोण ह्याच्या स्पष्ट नोंदीसह ठेवावी. ‘म्हणे’ व ‘म्हणून’ ह्यांसारखे शब्द गाळू नयेत. आणि ‘आपण’ लिहिताना कंसात व्यक्तीचे नाव द्यावे. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार भरली; तथापि ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. तिच्यात दिलेली साक्ष तिच्याच लिखित रूपात टिकून राहण्याचा संभव कमी, हे उघड आहे. अशा स्थितीत मधल्या मराठी टप्प्यावरील दक्षता हीच त्या साक्षीची राखण होय.

प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष कथनाचे प्रकरण हे अशा रीतीने केवळ इंग्रजी व्याकरणाचे राहात नाही. दुसऱ्याचा ‘मी’ आपल्या वाक्यात आणताना तो दुसऱ्याचाच राहील ह्याची काळजी प्रत्येक भाषा आपापल्या साधनांनी घेते. ती साधने ओळखणे, त्यांची परस्परांशी तुलना करणे आणि एका भाषेतून दुसरीत जाताना काय सांडते ह्याची नोंद ठेवणे, हे भाषाभ्यासकाचे काम आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या भाषिक परिसरात ते काम करण्यास सामग्री विपुल आहे. ‘इंजी’, ‘अनि’, ‘बोले’ आणि ‘म्हनून’ ह्यांचे बोलीवार संकलन हा त्याचा पहिला टप्पा ठरेल.